रात्री हात बधिर पडतो, तीन वाजता उठून झटकत बसते – कार्पल टनल म्हणतात ते हेच का?

नंदनवनची_ताई
नमस्कार. मी नागपुरात नंदनवनला राहते, घरूनच लंबी रोटीच्या ऑर्डरी घेते, बारा वर्षं झाली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही कणीक साध्या पोळीसारखी नसते, एकदम सैल असते अन् परातीत उचलून उचलून आपटावी लागते, तार सुटेपर्यंत, तेव्हा कुठे ती दोन्ही हातांवर पसरते अन् उलट्या मटक्यावर टाकता येते. सगळा जोर मनगटावर. लग्नसराईत पाच-सहा किलोची कणीक रोजची.
तं झालं असं की दिवाळीपासून उजव्या हाताला मुंग्या येऊन राहिल्या. दिवसा कमी, रात्री जास्त. तीन वाजता जाग येते, हात जणू माझा नाहीच असं वाटते, मग पलंगावर बसून झटकते तेव्हा जीव येतो. स्कूटीचं हँडल धरलं तरी मंगळवारी बाजारापर्यंत जाता जाता बोटं बधिर. परवा चहाचा कप हातातून सुटला. शेजारच्या काकू म्हणे लकवा असेल, तिथून तं माझी झोपच उडाली.
फॅमिली डॉक्टरांनी बी १२ च्या गोळ्या दिल्या, दीड महिना घेतल्या, फरक शून्य. दुसऱ्या एकाने मानेचा एमआरआय सांगितला. आता भाचा म्हणते, मावशी हे कार्पल टनल आहे, ऑपरेशन करावं लागते. खरंच ऑपरेशनच का? हात बंद ठेवला तं घर कसं चालणार जी?

तर्रीवाला_६७
ताई घाबरू नका, आमच्या आईला पण असंच होत होतं, रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून मालिश करा, कडकड मनगट मोडा, पंधरा दिवसात मोकळं होते. ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका, एकदा चाकू लागला की हात गेला समजा.

फिजिओ_विदर्भी
तर्रीवाले भाऊ, मालिश केली तं बरं वाटेल, त्याला ना नाही, पण मनगट कडकड मोडायला नका सांगू कोणाला.
ताई, आधी एक सांगा, करंगळीला मुंग्या येतात का? नीट लक्ष देऊन पाहा, रात्री जाग आली की एकेक बोट चिमटून पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट अन् अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग एवढंच बधिर असेल अन् करंगळी साफ असेल तं कार्पल टनलचा संशय पक्का होते. कारण मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांची एक खोबण आहे अन् तिच्यावर जाड पट्टा ताणलेला आहे, त्या बोगद्यातून बोटं वाकवणारे ९ टेंडन, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, जातात अन् त्यांच्यात १ नस, मीडियन नर्व्ह. दहा जण एका ऑटोत बसल्यासारखं. जरा सूज आली की बाकीचे सहन करतात, नस दबते. करंगळीची नस दुसरी, ती या बोगद्यातून जातच नाही, म्हणून ती वाचते. तळहातावर अंगठ्याखालच्या उंचवट्याची कातडी पण बहुतेकवेळा बधिर होत नाही, तिची फांदी बोगद्याच्या आधीच वेगळी होऊन वरून जाते.
रात्रीच का होते? झोपेत आपण मनगट मुडपून घेतो, उशीखाली, गालाखाली, दाब वाढतो. अन् झटकल्यावर बरं वाटणं ही तं याची जुनी ओळख आहे.
घरी एक करून पाहा. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकांना टेकवा, बोटं खाली, मनगट वाकलेलं, साठ सेकंद मोजा. तेवढ्यात त्याच बोटांना मुंग्या आल्या तं फॅलेन टेस्ट पॉझिटिव्ह. नाही आल्या म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. लकव्यात हे असं महिनोन्महिने रात्री येऊन झटकल्यावर जात नाही. चेहरा वाकडा, बोलण्यात फरक, अचानक अर्धं अंग जाणं असं काही झालं तं तो वेगळा विषय, लगेच इमर्जन्सीत जायचं.
मानेतूनही बोटं बधिर होतात, पण तेव्हा मान वळवताना दुखते अन् कळ खांद्यापासून खाली उतरते. तुम्हाला मानेचं काही आहे का?

नंदनवनची_ताई
करंगळी एकदम बरी आहे! आता तुम्ही विचारलं तेव्हा पाहिलं, नाहीतर मी सरसकट हात बधिर म्हणून मोकळी. अन् ती टेस्ट केली, साठ कुठची, पस्तीस-चाळीसलाच मधलं बोट झणझणायला लागलं. मान दुखत नाही.

डेंटिंग_पेंटिंग_कामठी_रोड
ताई माझं ऐका, मी तीन वर्षं अंगावर काढलं अन् आता पस्तावून राहिलो. माझं गाड्यांच्या डेंटिंगचं काम, दिवसभर ग्राइंडर अन् हातोडी, ग्राइंडरच्या थरथरीने हा आजार वाढते हे मला डॉक्टरने नंतर सांगितलं. मुंग्या यायच्या तेव्हा म्हटलं येऊ दे, कामाचा माणूस आहे. मग एक दिवस मुंग्याच बंद झाल्या, मी खूश, बरं झालं म्हटलं. बरं नव्हतं झालं, नस मरायला लागली होती. अंगठ्याखालची गादी बसून गेली, खड्डा पडला, शर्टाचं बटण लावताना अन् चिल्लर उचलताना अंगठा साथच देत नव्हता. ऑपरेशन झालं, फक्त हात बधिर करून, वीसेक मिनिटांत, मी डॉक्टरशी गप्पा मारत होतो. पट्टा कापून देतात, बस एवढंच, नसेला हात लावत नाहीत. रात्रीचा त्रास त्याच आठवड्यात गेला. पण गादी आली नाही परत, बटण आजही बायकोच लावून देते.
अन् हो, टाके दोन आठवड्यात निघाले पण तळहाताच्या दोन्ही बाजूंना दाबलं की दुखते, जमिनीवर टेकून उठता यायचं नाही, हे चालले दोन-तीन महिने. तुमच्या कणकीचा विचार करून सांगून राहिलो. करायचंच झालं तं लग्नसराई संपल्यावर करा, पण गादी बसायची वाट नका पाहू.

तर्रीवाला_६७
बाप रे. मी माझे शब्द मागे घेतो भाऊ.

फिजिओ_विदर्भी
डेंटिंगवाल्या भाऊंनी सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं. ताई, तुमची गादी दोन्ही हातांची शेजारी धरून पाहा, उजवी सपाट वाटते का? नसेल तं ऑपरेशन ही पहिली पायरी नाही.
एक तं एनसीव्ही टेस्ट, नस करंट किती वेगाने नेते ते मोजतात, थोडे चटके बसतात पण सहन होते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात न्यूरोलॉजीची ओपीडी आहे, तिथे दाखवा. अगदी सुरुवातीच्या केसमध्ये रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा लक्षणांवरच ठरवतात.
दुसरं, थायरॉइड अन् शुगर तपासा, हे काहून सांगितलं नाही कोणी तुम्हाला समजत नाही. थायरॉइड कमी असलं, शुगर असली, गरोदरपण असलं, संधिवात असला की हा बोगदा लवकर दाटते. बायकांमध्ये हे जास्तच दिसते, पाळी बंद होण्याच्या वयात तं खूप.
तिसरं, रात्रीचा स्प्लिंट, मनगटाचा पट्टा हो. सहा आठवडे रोज रात्री, एक दिवस घातला अन् चार दिवस नाही असं नको. अन् इथे एक गोम आहे. मेडिकल स्टोअरात जो मिळतो त्याच्या आत अॅल्युमिनियमची पट्टी असते अन् ती वरच्या बाजूला वाकवलेली असते. ती बाहेर काढून गुडघ्यावर दाबून सरळ करा अन् परत घाला. मनगट सरळ पाहिजे, ना वर ना खाली. लोक वाकड्या पट्ट्यात झोपतात अन् म्हणतात स्प्लिंटने काही नाही झालं.
याने नाही जमलं तं स्टेरॉइडचं एक इंजेक्शन मनगटात देतात, काही आठवडे-महिने चांगला आराम पडते, कोणाकोणाला परत येते. शुगरवाल्यांची शुगर काही दिवस वर जाते. बी १२ कमी असेल तं गोळ्या जरूर घ्या, पण तो या बोगद्याचा उपचार नाही.

मोबाईलग्रस्त
आम्ही आयटीवाले दिवसभर कीबोर्ड बडवतो, आमचं पण होणार का हे?

फिजिओ_विदर्भी
टायपिंगचा संबंध लोक समजतात तेवढा पक्का नाही. जोर लावून तेच तेच काम अन् थरथर, याचा जास्त. तुम्ही आधी फोन धरून झोपणं बंद करा.

नंदनवनची_ताई
दोन आठवड्यांनी सांगते आहे, उशीर झाला, मध्ये दोन लग्नांच्या ऑर्डरी होत्या. एनसीव्ही झालं, उजवा मध्यम, डाव्याला पण थोडं आहे, मला तं डाव्याचं कळलंच नव्हतं. गादी बसलेली नाही म्हणाले. अन् रक्ताच्या तपासणीत टीएसएच चांगलाच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉइड कमी! थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी सुरू केली. वजन वाढणं, थकवा, सगळं मी वयावर ढकलत होती.
पट्टी सरळ करून घालून राहिली. पहिल्या तीन रात्री वैताग आला, चौथ्या रात्री सरळ सकाळी सहालाच जाग आली, मला वाटलं घड्याळ बंद पडलं. कप अजून धरवत नाही पण झोप होते आहे. सहा आठवड्यांनी परत दाखवायचं आहे, नाही जमलं तं इंजेक्शन म्हणाले.
एक विचारायचं होतं, कणीक आपटायचं काम पोराकडे दिलं आहे, मी फक्त मटक्यावर टाकते. तो म्हणते मशीन घे आई. लंबी रोटीची सैल कणीक मशीनमध्ये तार धरते का हो? कोणी करून पाहिली आहे?

डेंटिंग_पेंटिंग_कामठी_रोड
आमच्या साळ्याचं केटरिंग आहे, त्याच्याकडे आहे मोठी मशीन. तो म्हणते तार येते पण पाणी एकदम नाही टाकायचं, थोडं थोडं, अन् शेवटची पाच मिनिटं हातानेच आपटावी लागते. ती पाच मिनिटं पोराला द्या.