गुलाबजल काढताना उकडल्यासारखा वास येतो, उपाय हवा

घरगुती तांब्याचं भांडं, 5 लिटरचं. आत स्टीलची जाळी, तिच्यावर 500 ग्रॅम चैती गुलाबाच्या पाकळ्या, खाली 2 लिटर पाणी. पाकळ्या तळाला टेकल्या की करपतात, म्हणून जाळी. झाकणाचा सांधा कणकेने लिंपलेला, नळी बादलीतल्या पाण्यातून जाते.

पहिले 300 मिलि सुरेख निघतात. पुढे मात्र पालक उकडल्यासारखा वास, आणि नळीच्या तोंडाशी थेंब कोमट, मधूनच वाफेची फुसफूस. इंदूरला मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट येतं, बादलीत बर्फ टाकला तरी वीस मिनिटांत संपतो. आच कमी केली तर धार तुटते. कणीकही वाळून तडकते (मैद्याची जरा बरी टिकते).

प्रश्न असा: दोष थंडाव्याचा की पहिल्या 300 नंतर थांबायलाच हवं? 6 मिमी व्यासाची, 2 मीटर नळी पुरते का, की वेटोळी वाढवावीत? बादलीत पाणी खालून सोडून वरून काढण्याची सोय कुणी केली असेल तर जोडणी कशी केली ते सांगा. आणि ताज्या गुलाबजलाचा तो कच्चट तांब्याचा वास बाटली उघडी ठेवून किती दिवसांत जातो?