पिवळं दिसलं म्हणजे चिकटलेत असं धरायचं का?

नवखी_पेशीवाली: हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) मायटोकॉन्ड्रिया लाल आणि ईआर (पेशीतलं पडद्यांचं जाळं) हिरवं रंगवलंय. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर जागोजागी दोन्ही रंग मिसळून पिवळं दिसतं. मी बिनधास्त 'संपर्क' लिहिलं, तर सरांनी समासात एवढंच लिहून परत दिलं: 'किती नॅनोमीटर?' आता स्टेड (कॉन्फोकलपेक्षा बारीक दाखवणारा प्रकाश मायक्रोस्कोप) करू की थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप?

छेदवाला: सरांनी बरोबर नस पकडली. संपर्काच्या जागी या दोन पडद्यांमधलं अंतर साधारण 10 ते 30 नॅनोमीटर. कॉन्फोकलला दिसणारा लहानात लहान ठिपका आडवा 200-250 आणि खोलीत 500 च्याही वर. एक वर, दुसरं बरंच खाली असलं तरी पिवळंच दिसणार. स्टेडने प्रकाश मायक्रोस्कोपची ॲबेने 1873 साली सांगितलेली मर्यादा ओलांडता येते, पण पेशींत हाती लागतं ते 50 च्या आसपास. शिवाय रंग चिकटवणारी प्राथमिक-दुय्यम अँटिबॉडीची जोडीच रंगाला 15-20 नॅनोमीटर लांब नेऊन बसवते. मोजायचंय तेवढीच मोजपट्टीची चूक!

टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) करा. पेशी पक्क्या करायला ग्लुटाराल्डिहाइड, पडदे गडद करायला ऑस्मियम, बसवायला रेझिन, मग 70 नॅनोमीटरचे छेद. पाण्यावर तरंगताना ते चंदेरी दिसायला हवेत, सोनेरी दिसले तर जाड झालेत. आणि बफरची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) आधी तपासा. माझे पहिले मायटोकॉन्ड्रिया टम्म फुगलेले होते. तीन महिने मी तो औषधाचा परिणाम समजत होतो. औषध न दिलेल्या पेशीही तशाच निघाल्या तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

रात्रपाळी: जिवंत पेशीत बघायचं असेल तर स्प्लिट जीएफपी, म्हणजे दोन तुकडे केलेलं चमकणारं प्रथिन: एक तुकडा या पडद्यावर, दुसरा त्या. जवळ आले की चमकतात. पण एकदा जुळले की सुटत नाहीत, त्यामुळे संपर्क मोजतोय की तयार करतोय, हा घोळ राहतोच.

नवखी_पेशीवाली: तीच पेशी आधी फ्लुओरेसन्समध्ये आणि मग टीईएममध्ये बघता येईल?

छेदवाला: येईल, क्लेम म्हणतात. जाळी कोरलेल्या काचेवर पेशी वाढवा, नाहीतर नंतर तीच पेशी शोधताना जीव जातो. फ्लुओरेसन्सचे फोटो आधी घ्या, ऑस्मियम चमक मारून टाकतं. आणि मोजताना एक पाळा: दोन्ही पडद्यांच्या रेघा जिथे धारदार दिसतात तिथेच अंतर घ्या. पडदा छेदात तिरका गेला की रेघ धूसर होते, अंतर शून्य भासतं. अशा जागा मी सरळ सोडून देतो.