मदत हवी आहे : जुन्या स्केलेक्स्ट्रिकचा ट्रॅक पुन्हा सुरू करायचाय

नमस्कार मंडळी. १९७४ साली काका इंग्लंडहून परतले तेव्हा त्यांनी आम्हा भावंडांसाठी स्केलेक्स्ट्रिकचा (ट्रॅकच्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या शर्यतीच्या गाड्यांचा) सेट आणला होता. त्यातली हिरवी व्हॅनवॉल माझी. १९५८ मध्ये फॉर्म्युला वनची पहिलीवहिली कन्स्ट्रक्टर्स (म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांची) चँपियनशिप जिंकणारी ती हीच गाडी, हे काकांनी इतक्या अभिमानाने सांगितलं होतं की मला अजून आठवतं. वळणावर बोट जरा जास्त दाबलं की गाडी खाचेतून सुटून थेट पलंगाखाली! तापलेल्या मोटरचा तो वास तर अजून नाकात आहे.

गेल्या आठवड्यात माळ्यावरून खोका काढला. इतकी वर्षं दमट हवेत राहिल्यामुळे खाचेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना गंज चढलाय. गाडीखालच्या, वीज घेणाऱ्या तारांच्या जाळीचा भुगा झालाय आणि मागचे टायर दगडासारखे कडक झालेत. मोटर मात्र १२ व्होल्टचा अडॅप्टर थेट लावल्यावर फिरली. अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं.

गंज काढायला बारीक पॉलिश पेपर चालेल का? की त्याने पट्ट्यांवरचा मुलामा जाईल? जाळी आणि टायर पुण्या-मुंबईत कुठे मिळतात का? जुना ट्रान्सफॉर्मर वापरायची भीती वाटते, त्याची वायर तडकली आहे. दोन गाड्यांसाठी किती अँपिअरचा अडॅप्टर घेऊ?

काका आता ८६ वर्षांचे आहेत. दिवाळीत त्यांच्या हातात कंट्रोलर द्यायचाय.