लिलिएंथाल: राइट बंधूंचा पाया की चुकलेली वाट?

गगनचारी:
17 डिसेंबर आला की राइट बंधूंच्या 1903 मधल्या 12 सेकंदांच्या उड्डाणाची आठवण निघते, आणि त्यांच्या आधीच्यांची एका वाक्यात बोळवण होते: पंख बांधून उड्या मारल्या आणि हाडं मोडून घेतली. ऑटो लिलिएंथाल या जर्मन इंजिनिअरला या रांगेत बसवलेलं मला सहन होत नाही.

बर्लिनमध्ये बॉयलर आणि वाफेची इंजिनं बनवणारा त्याचा कारखाना होता. उडी मारण्याआधी त्याने भाऊ गुस्टाफबरोबर गोल फिरणाऱ्या दांड्याला पंख लावून कोणत्या बाकाचा पंख किती लिफ्ट (वर उचलणारा जोर) देतो ते मोजलं आणि 1889 मध्ये पुस्तकात छापलं. किंचित बाकदार पंख सपाट पंखापेक्षा सरस, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. 1891 पासून पाच वर्षांत ग्लायडरवर, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानावर, सुमारे दोन हजार उड्डाणं केली. बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला तर 15 मीटरची गोल टेकडीच रचून घेतली, म्हणजे वारा कुठूनही येवो, त्याला सामोरं धावत सुटता येईल! राइट बंधूंच्या यशात सर्वांत मोठा वाटा याचाच, असं माझं ठाम मत आहे.

जुना फिटर:
वाटा आहे, सर्वांत मोठा नाही. हा माणूस कोपरांवर लटकून पाय झुलवायचा आणि शरीराच्या वजनाने ग्लायडर वळवायचा. वीस किलोच्या यंत्राला ते चालतं, इंजिन लावलेल्या मोठ्या यंत्राला नाही. 9 ऑगस्ट 1896 ला गोलेनबर्गच्या टेकडीवर ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग संपला. त्याने अंग पुढे फेकलं, पण ते पुरलं नाही. सुमारे 15 मीटरवरून पडला, मणका मोडला, दुसऱ्या दिवशी गेला. राइट बंधूंनी ही पद्धत टाकून तारांनी पंख पिळण्याची युक्ती काढली. शिवाय लिलिएंथालचे लिफ्टचे तक्ते वापरून बांधलेल्या त्यांच्या 1901 च्या ग्लायडरने हिशेबापेक्षा फारच कमी लिफ्ट दिली.

पाया म्हणायचा तर जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाचा. स्थिर पंख आणि वेगळी शेपटी असलेलं विमान त्याने 1799 मध्येच चांदीच्या चकतीवर कोरलं होतं.

गगनचारी:
केलीबद्दल मान्य. तक्त्यांबद्दल नाही. चूक मुख्यतः लिफ्टच्या हिशेबात धरायच्या हवेच्या दाबाच्या जुन्या गुणांकात होती. तो अठराव्या शतकापासून बहुतेक जण 0.005 धरत आले होते. राइट बंधूंना तो 0.0033 च्या आसपास मिळाला. त्यांनी लाकडी खोक्यात वारा सोडून दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले, तेव्हा लिलिएंथालचे आकडे त्याच्या पंखाच्या आकारापुरते बऱ्यापैकी बरोबर निघाले. तक्ता छापलेला होता म्हणून तर तपासता आला.

डोंगरवारा:
मध्येच बोलतो. मी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलो. पहिल्याच वळणाला दोरी ओढायची घाई केली, तेव्हा खालून वॉकीटॉकीवर सर ओरडले, "आधी उजवीकडे बस, मग ओढ!" मी मांडी दाबली, हार्नेसचा (बसायच्या पट्ट्यांचा) उजवा पट्टा ताणला गेला आणि अख्खं छत सावकाश वळलं. अंगाचं वजन ही मेलेली वाट नाही, फिटरसाहेब. हँग ग्लायडर तर आजही त्यावरच चालतो.

जुना फिटर:
हौशी उड्डाणासाठी ठीक. पण लिलिएंथालच्या मागून गेलेल्यांचं काय झालं तेही बघा. पर्सी पिल्चर हा ब्रिटिश उड्डाणवीर त्याच्याकडे जाऊन आला, त्याचा ग्लायडर विकत घेतला. 1899 मध्ये पिल्चरचं स्वतःचं इंजिनाचं विमान तयार होतं. दाखवायच्या काही दिवस आधी इंजिन बिघडलं, पाहुण्यांची निराशा नको म्हणून ग्लायडर उडवला, शेपटी हवेतच मोडली आणि त्यातच तो गेला. वय 32. तोल कसा राखायचा हा प्रश्न सुटलेला नसताना लोक वर जात होते, हे मला विसरता येत नाही. पाच वर्षांत लिलिएंथाल प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाच तास होता, हा हिशेब विल्बर राइटनेच मांडला होता.

गगनचारी:
पिल्चरचं वाचून मलाही दर वेळी वाईट वाटतं. पण विल्बरचं पुढचं म्हणणंही सांगा ना. एवढ्याशा सरावात या माणसाने इतकं साधलं, याचंच त्याला नवल वाटलं होतं. आणि सराव कमी पडतो हे ओळखून दोघे भाऊ 1902 मध्ये अमेरिकेतल्या किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर शेकडो वेळा घसरत सुटले, इंजिनाशिवाय, नुसत्या ग्लायडरवर. ही रीत त्यांनी कोणाची उचलली?