एनडीएनंतर वैमानिक नक्की कुठे घडतो? दुंडिगल, हकीमपेट, बीदर… गोंधळ झालाय

साताऱ्याची_मावशी
नमस्कार. माझा भाचा खडकवासल्याच्या एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) पास आऊट होऊन हैदराबादजवळ दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत गेलाय. फोनवर म्हणतो, "मावशी, आधी पीसी-सेव्हन, मग स्ट्रीम ठरेल, मग जमलं तर बीदर." आम्हाला वाटलं होतं, अकादमी म्हणजे सगळं एकाच जागी. आणि हेलिकॉप्टर मिळालं तर ते कमीपणाचं असतं का? घरात त्यावरून कुरबूर सुरू आहे. आतलं कुणी असेल तर नीट सांगा.

उदगीरकर_फिटर
ताई, मी दुंडिगलला किरण या शिकाऊ जेट विमानांच्या लाइनवर इंजिन फिटर होतो. सार्जंट म्हणून निवृत्त झालो. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

आधी हे काम खरंच विखुरलेलं होतं. जोधपूरला फ्लाइंग कॉलेज, अलाहाबादला पायलट ट्रेनिंग एस्टॅब्लिशमेंट. हे एका छताखाली आणायचं म्हणून 1967मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांच्या हस्ते दुंडिगलची पायाभरणी झाली आणि 1971मध्ये अकादमी सुरू झाली. तरी सगळंच एका धावपट्टीवर मावत नाही. पहिला टप्पा दुंडिगलला, पीसी-सेव्हन या शिकाऊ विमानावर. मग स्ट्रीम ठरते, म्हणजे पुढे कोणत्या जातीचं विमान उडवायचं ते. फायटरवाले किरणवर, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला चेतकवर, ट्रान्सपोर्टवाले बंगळूरजवळ येलहंकाला डॉर्नियरवर. हा दुसरा टप्पा संपला की जून किंवा डिसेंबरची परेड आणि छातीवर विंग्ज. बीदर त्याच्याही पुढचं, अधिकारी झाल्यावरचं. तिथे हॉक ही पुढच्या शिक्षणाची जेट आहेत, 2008पासून.

आता कुरबुरीचं. हेलिकॉप्टर म्हणजे उरलेल्यांची जागा, हे डोक्यातून काढून टाका. पुरात छपरावर अडकलेल्या माणसाला दोराने वर घेतात ते हेच लोक. सियाचीनच्या चौक्यांना रसद आणि औषधं पोचवतात तीही हेलिकॉप्टरंच.

मला मनापासून सांगायचंय ते शिक्षकांबद्दल. अकादमी म्हटलं की लोक विमानं मोजतात. पण वैमानिक घडतो तो शेजारच्या सीटमुळे. शिकवायचं कसं हे शिकवणारी शाळाही वेगळी आहे, फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल. ती 1948मध्ये अंबाल्याला निघाली, पुढे चेन्नईजवळ तांबरमला गेली. तिथून पास झालेला तो क्यूएफआय, म्हणजे उड्डाण शिकवायची पात्रता मिळालेला गुरू. किरणमध्ये दोन सीटा शेजारी-शेजारी असतात. पोराचा हात स्टिकवर घट्ट आवळला गेलाय, पाय रडरवर थरथरतोय, हे गुरूला मान न वळवता दिसतं. पीसी-सेव्हनमध्ये गुरू मागे बसतो, त्याला समोर फक्त हेल्मेट दिसतं. यंत्र म्हणून पीसी-सेव्हन उजवं आहे, वादच नाही. पण शेजारी बसून शिकवण्याची सर त्याला नाही, असं माझं मत.

2009मध्ये एचपीटी-32 दीपक ही तेव्हाची पहिल्या टप्प्याची शिकाऊ विमानं जमिनीवर बसवली, म्हणजे त्यांचं उड्डाण बंद केलं, ते दिवस मी लाइनवर काढलेत. त्या जातीच्या विमानांच्या 17 अपघातांत 19 वैमानिक गेले होते. हाताशी दुसरं प्राथमिक विमान नव्हतं. मग अगदी कोरी पोरं थेट किरण जेटवर, तीही कमी तासांत. 2013मध्ये पीसी-सेव्हन येईपर्यंत हे चाललं. आम्ही पहाटे टारमॅकवर रांगेने चालत खडे वेचायचो, इंजिनात एकही जाऊ नये म्हणून. समोर ती पोरं कागदावर हात फिरवत सॉर्टीची, म्हणजे त्या दिवसाच्या उड्डाणाची, उजळणी करत उभी असायची. त्या चार वर्षांची झळ जुन्या किरणांनी आणि क्यूएफआय लोकांनी सोसली.

ओझरवाला
काकांच्या माहितीत थोडी भर. आता एचटीटी-40 हे स्वदेशी शिकाऊ विमान येतंय. 2023मध्ये 70 विमानांचा करार झाला आणि ऑक्टोबर 2025मध्ये आमच्या नाशिकच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात त्याची दुसरी उत्पादन-लाइन सुरू झाली. मावशी, तुमच्या भाच्याचे ज्युनिअर कदाचित नाशकात बनलेल्या विमानावर शिकतील.

साताऱ्याची_मावशी
दोघांचेही आभार. ताईला आत्ताच वाचून दाखवलं, हेलिकॉप्टरचं ऐकून ती गप्प झाली. काका, एक विचारू? "सोलो झाला का?" असं त्याला फोनवर विचारलं तर चालेल ना?

उदगीरकर_फिटर
नका विचारू ताई. कोणाचा सोलो, म्हणजे गुरूशिवायचं एकट्याचं पहिलं उड्डाण, आधी होतो, कोणाचा दोन-चार सॉर्टीनंतर. त्यावरून पोरं रात्र-रात्र जागतात, घरून विचारणा झाली की आणखी खचतात. तो दिवस आला की तुमच्याआधी त्यालाच फोन करायची घाई होईल.

किरणच्या सोलोला गुरू उतरला की रिकाम्या सीटचे पट्टे आवळून बांधायचं काम आमचं. सैल राहिला तर हवेत स्टिकमध्ये अडकायचा. मी प्रत्येक पट्टा दोनदा ओढून बघायचो. मग संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटच्या, उड्डाणाआधी काढलेल्या लाल फितीच्या सुरक्षा-पिना पोरासमोर धरून मोजायच्या. त्या क्षणी बहुतेक पोरं पिनांकडे बघतच नसत, शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत. मी खांद्यावर थाप मारायचो आणि पिना पुन्हा पहिल्यापासून मोजून दाखवायचो.