जुना डिझेल पिकअप घेतोय, पासिंगचे (आरटीओच्या फिटनेस तपासणीचे) जुने कागद कसे बघायचे?

वाळपईचा_केळीवाला
नमस्कार मंडळी. माझा केळी-नारळाचा धंदा आहे, दर शुक्रवारी माल म्हापशाच्या बाजारात नेतो. आत्तापर्यंत भाड्याची गाडी करायचो पण भाडं आता अजिबात परवडत नाही, म्हणून सेकंडहँड बोलेरो पिकअप बघितलाय. सप्टेंबर २०१७ ची गाडी, जीए ०३ नंबरची, मालक सव्वाचार लाख म्हणतोय. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला तर फिटनेस मार्च २०२६ पर्यंत, विमा चालू, पीयूसी चालू, ब्लॅकलिस्ट काही नाही. सगळं ओके दिसतंय मग भाऊ म्हणतो घेऊन टाक, पण माझं मन लागत नाही. आधीची पासिंगं कधी झाली, मध्ये गाडीला काय झालं होतं ते कुठे कळतं? कोणी घेतली असेल अशी गाडी तर सांगा प्लीज.

डिचोलीचो_ड्रायव्हर
पात्रांव, अ‍ॅपवर फक्त आजची तारीख दिसते, मागचं काही दिसत नाही. मालकाकडे जुन्या फिटनेसचे कागद माग, फॉर्म ३८ म्हणतात त्याला, त्यावर पुढची तपासणी कधी ते लिहिलेलं असतं. सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडायचे आणि तारखा एकमेकीला जुळतात का बघायचं. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ झाली की दरवर्षी. म्हणजे तुझी ही गाडी आता दरवर्षीवाल्यात आली, तो खर्च भावात धर. आणि पासिंग झालं म्हणजे गाडी चांगली असं मुळीच नाही हां. पासिंगच्या दिवशी मित्राच्या गाडीचे टायर लावून नेणारे मी डोळ्याने बघितलेत, नवी रिफ्लेक्टर टेप चिकटवायची, गाडी धुवायची, झालं. टायरवर चार आकडे असतात ते बघ, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पासिंग मार्च २०२४ चं आणि चारही टायर त्याच्या आधीचे नि गुळगुळीत, तर मग पासिंगला काय दाखवलं होतं ते विचार त्याला.

मासळीची_गाडी
कागद राहू दे बाजूला, आधी सांग गाडी कसला माल मारायची? मी दहा वर्षं जेटीवरून मासळी भरतोय म्हणून विचारतो. मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी रोज हौद्यातून (मागे माल ठेवतात तिथून) खाली चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर गळतं, आणि आमच्याकडे वर चार महिने पाऊस. वरून गाडी नवरीसारखी दिसते आणि खालून भाकरीसारखी पापुद्रे सुटलेली. हौद्यातली रबर शीट पूर्ण उचलायला लाव, नुसता कोपरा नाही. मग खाली झोपून चासीच्या आडव्या पट्ट्या जिथे जोडल्यात तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ, कडक लागला तर ठीक, आत गेला तर हात जोड नि घरी ये. चासीला नवाकोरा काळा रंग मारलेला दिसला तर जास्त संशय घे. आणि वास! दरवाजाच्या रबराला नाक लाव, मासळी असेल तर दहा वेळा धुतली तरी तिथे राहते.

वाळपईचा_केळीवाला
धन्यवाद दोघांना. काल संध्याकाळी जाऊन आलो. फॉर्म मागितल्यावर मालकाने जरा तोंड वाकडं केलं पण फाइल दिली. २०१९ चं पासिंग सप्टेंबरला बरोबर. मग २०२१ च्या सप्टेंबरला संपलं ते थेट मार्च २०२२ ला केलंय. विचारलं तर म्हणतो कोविड होता ना, तेव्हा सगळ्यांनाच सूट होती. हे खरं का?

फोंड्याचा_फिटर
अर्धं खरं आहे दादा. कोविडमध्ये केंद्राने कागदांची मुदत वाढवत वाढवत नेली होती पण ती शेवटी ३१ ऑक्टोबर २०२१ ला संपली. म्हणजे सप्टेंबरचं ऑक्टोबरअखेरपर्यंत चाललं असतं, नोव्हेंबर ते मार्च हे चार-पाच महिने गाडी कुठे होती ते त्याने सांगायला हवं. त्या वेळच्या विम्याच्या पॉलिशा बघा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २० पासून चढत चढत ५० टक्क्यांवर जातो, क्लेम घेतला की पुढच्या वर्षी एकदम शून्य. आधी ४५ होता आणि २०२२ च्या पॉलिसीवर शून्य आला, मालक तोच असेल तर मध्ये ठोकलेली आहे हे जवळजवळ पक्कं. (नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र यातलं काही कळणार नाही.) कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिला तर जुने जॉब कार्डसुद्धा (दुरुस्तीच्या नोंदी) निघतात, मालकाला सोबत न्या म्हणजे नाही म्हणत नाहीत, त्यावर त्या त्या वेळचे किलोमीटर पण असतात, मीटर मागे फिरवलाय का तेही कळतं.
इंजिनचं म्हणाल तर सकाळी थंड असताना जा आणि मालकाला आधीच सांगा स्टार्ट करून ठेवू नको. बॉनेटला हात लावा, गरम लागला तर परत दुसऱ्या दिवशी. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडायचं, थोडी वाफ चालते पण भकभक धूर आला तर पिस्टनच्या रिंग गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि पीयूसी तुमच्या समोर नवीन काढायला लावा, फार खर्चाचं काम नाही. नुसतं पास बघू नका, के व्हॅल्यू बघा, म्हणजे धूर किती दाट आहे त्याचा आकडा. तुमच्यासारख्या बीएस फोर (प्रदूषणाचं मानक) डिझेलला १.६२ पर्यंत पास. ०.६ आली तर मस्त, १.५ आली तर पास झाली तरी इंजेक्टर किंवा पंपाचा खर्च डोक्यावर आहे समजा.

वाळपईचा_केळीवाला
अपडेट देतो. पॉलिसीवर २०२१ ला ४५, २०२२ ला शून्य. तुम्ही बोललात तसंच. मालकाला दाखवलं तर आधी म्हणाला एजंटची चूक असेल, मग म्हणाला घाटात थोडी घासली होती. मेस्त्रीला घेऊन गेलो होतो, त्याने पुढचं चाक वळवून आत टॉर्च मारली आणि मला बोलावलं, डाव्या चासीवर बोटभर जाडीचं वेल्डिंग, वरून काळा रंग. चासी नंबर जिथे पंच केलेला असतो तिथे मात्र नंबर नीट आहे, कागदावर पेन्सिल घासून आरसीशी जुळवला. इंजिन खरं सांगायचं तर छान होतं, के व्हॅल्यू ०.७. मालक लगेच साडेतीनवर आला. मेस्त्री म्हणाला केळी आहेत, वजन कमी, चालून जाईल. पण नारळ पण असतात ना माझे, आणि चोर्ला घाटातून बेळगावचा माल आणायचा विचार आहे. सोडली गाडी.
आता दोडामार्गला एक आहे एमएच ०७ ची, एकच मालक, काजूच्या कारखान्यावर होती. महाराष्ट्राची घेतली तर किती भानगडी?

डिचोलीचो_ड्रायव्हर
तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागेल, फॉर्म २८. इकडे आणली की गोव्याचा टॅक्स परत भरायचा आणि नंबर पण नवीन. कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ (गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा) घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नको. आणि रबर शीट उचलायला विसरू नको रे, काजूवाला असला तरी.