इलेक्ट्रिक मशीनवर लावलेली धार आठवड्यातच का जाते?

अनगोळकर
घरी इलेक्ट्रिक मशीन आहे. तीन टप्पे: खडबडीत, बारीक आणि पॉलिश. प्रत्येक टप्प्याला डावी-उजवी खाच, कोन २० अंश. चाकू तीन आहेत. स्टेनलेसचा ८ इंची मोठा, भाजीचा लहान आणि शेतावर न्यायचा कार्बन स्टीलचा घडीचा. पहिले दोन सगळ्या खाचांतून पाच-सहा वेळा ओढले की कागद सर्रकन कापतात, पण आठवडा सरत नाही तोच टोमॅटोची साल नुसती दबते. मोठ्याचं टोक गोल व्हायला लागलंय. घडीच्या चाकूला तर कितीही ओढलं तरी धार येत नाही, धारेच्या वरची पट्टी तेवढी चकाकते. मशीनचा दोष की पद्धतीचा? आणि विळीला धार कशी लावायची?

उद्यमबाग टर्नर
मशीन ठीक आहे, धारेवर बर राहतेय, म्हणजे घासताना कडेला उलटून राहिलेला पोलादाचा बारीक पापुद्रा. लेथवर कातून काढलेल्या लोखंडी तुकड्याच्या कडेला येते तीच बर, फक्त इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही. ताजी असते तेव्हा ती ताठ उभी असते, म्हणून कागद कापला जातो. चार दिवस फळीवर आपटली की दुमडते नाहीतर तुटते, आणि खाली उरते ती बोथट कड. तुम्ही ज्याला धार म्हणताय ती निम्मी ही बर आहे.

खडबडीत खाच चाकू खरोखर बोथट असेल तरच वापरा. आधी पातं धुऊन कोरडं पुसा. तेल किंवा ओल राहिली तर भुकटी चिकटून खाचेतलं घासणारं चाक बुजतं. मग डाव्या खाचेतून एकदा, उजव्या खाचेतून एकदा, अशा दोन-तीन जोड्या. वेग साधारण इंचाला एक सेकंद, म्हणजे ८ इंची पात्याला सात-आठ सेकंद. दाबायचं अजिबात नाही, चाकूचं स्वतःचं वजन पुरे. मोटारचा आवाज खाली बसला की समजायचं, हात जड पडतोय.

आता मशीन बंद करून बर तपासा. अंगठा कण्याकडून (पात्याच्या जाड पाठीकडून) धारेकडे, पात्याच्या बाहेरच्या दिशेने सरकवायचा. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नका. शेवटी जी बाजू घासली, तिच्या विरुद्ध बाजूला किंचित खरखर लागली पाहिजे, आणि ती टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत सलग. जिथे लागत नाही तिथे चाक अजून धारेपर्यंत पोचलेलंच नाही. अशा वेळी पुढच्या खाचेत जाऊन उपयोग नसतो. तिथेच आणखी एक-दोन जोड्या करा.

बर सलग आली की बारीक खाचेत दोन-तीन जोड्या, आणि पॉलिशच्या खाचेत पाच-सहा. इथे डावी-उजवी आलटून पालटूनच घ्यायची. एकाच बाजूला सलग पाच वेळा ओढलं तर बर फक्त पलीकडे ढकलली जाते, निघत नाही. शेवटच्या दोन जोड्या आणखी हलक्या हाताने. मग मऊ लाकडाच्या कडेवर धार एकदाच अलगद ओढा, म्हणजे उरलीसुरली बर तुटून येते.

याच्यावर चामड्याचा पट्टा मारला तर धार बरीच जास्त टिकते. अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी चपला शिवणाऱ्यांकडे चामड्याच्या जाड पट्ट्या मिळतात. एक पट्टी सपाट लाकडावर चिकटवा, वर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोळा. कणा पुढे आणि धार मागे ठेवून ओढायचं, दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा. उलटं ओढलं तर चामडं कापलं जाईल.

टोक गोल होतं ते चाकाशी पोचल्यावर हात थांबतो म्हणून. त्याच वेगाने बाहेर काढा. पातं टोकाकडे वळत असेल तर शेवटच्या इंचाला मूठ किंचित उचला. दुसरी एक गोष्ट बघून घ्या. मुठीजवळ पात्याला जाड लोखंडी गाठ असेल तर तिथली धार चाकापर्यंत जात नाही आणि तिच्या पुढे हळूहळू खड्डा पडतो. असा चाकू फळीवर पूर्ण टेकत नाही, कांद्याच्या चकत्या खालून जोडलेल्या राहतात. त्यावर इलाज म्हणजे ती गाठच थोडी घासून कमी करणं.

दर महिन्याला फक्त पॉलिशची खाच आणि पट्टा. खडबडीत खाच वर्षातून एकदा-दोनदा, त्याहून जास्त नको. ती दर वेळी पोलाद खाते.

जांबोटीवाला
घडीच्या चाकूचं कारण वेगळं असतंय. धारेच्या दोन्ही बाजूंना मार्कर फासा, बारीक खाचेतून एकदा ओढा आणि उजेडात बघा की. शाई वरच्या खांद्यावरची, म्हणजे धारेचा उतार सुरू होतो तिथली गेली आणि अगदी कडेची राहिली, तर चाकूचा कोन मशीनच्या २० अंशांपेक्षा मोठा आहे. चाक खांदाच घासत बसतंय, कडेला शिवत नाही. उलट कडेचीच शाई गेली असेल तर चाकूचा कोन लहान आहे. तिथे मशीन झटकन धार लावतंय, फक्त कड जरा जाड होतेय.

अनगोळकर
बघितलं. कडेची शाई जशीच्या तशी आहे, वरची गेली.

जांबोटीवाला
मग कोन २५ अंशांच्या आसपास असणार, कामाच्या घडीच्या चाकूला तो असतोच. दोन वाटा आहेत. एक, खडबडीत खाचेत खांदा उतरवत कडेपर्यंत जायचं. धार पातळ आणि तिखट होईल, पण पोलाद बरंच जाईल. वर बांबू, ऊस, जनावराचं दावं असली कामं त्या चाकूने केली तर धारेला कपचे पडतील. दुसरी वाट, कार्बोरंडमचा दगड घेऊन हाताने २५ अंशांवर घासायचं. शेतातल्या चाकूला मी दुसरीच सांगेन. फिरत्या घासपट्ट्याचं मशीन मिळालं तर कोन बदलता येतो, तेही चांगलं. त्यात टोक पट्ट्याच्या मध्यावर आलं की तिथेच थांबून चाकू वर उचलायचा. टोक पट्ट्याबाहेर ओढलं तर ते गोल होतंय.

कार्बन स्टील आहे म्हणून आणखी दोन गोष्टी. बिजागरीवर आधी कागदी टेप लावा, भुकटी आत गेली तर घडी कचकचते. काम झालं की धुऊन लगेच कोरडं करा आणि पात्याला तेलाचा हात फिरवा. आमच्या खानापूरच्या पावसात एका रात्रीत लाल डाग येतात.

शहापूर गल्ली
वर्कशॉपच्या बेंच ग्राइंडरवर लावून घेतलं तर? पाच मिनिटांचं काम आहे.

उद्यमबाग टर्नर
नको. ६ इंची चाक २८०० आरपीएमने फिरतं, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला २२ मीटर. धारेची जाडी इतकी कमी की क्षणात तापते. पिवळसर रंग दिसला की साधं कार्बन पोलाद दोनशे अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं, निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. नंतर बादलीत बुडवून ते परत येत नाही. निळा भाग घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकणार नाही. घरच्या मशीनवरही दाबून ओढलं तर कडेला हेच होतं, फक्त रंग दिसण्याइतका भाग नसतो.

वडगाव
भाऊ अमेरिकेहून मशीन पाठवतो म्हणतोय. इथे चालेल का?

जांबोटीवाला
खालच्या पट्टीवर काय लिहिलंय ते आधी विचारून घ्या. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच असेल तर थेट लावू नका, मोटार जळेल. पिन बदलणारा अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. मशीनच्या वॅटपेक्षा मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. १००-२४० लिहिलेलं असेल तर बिनधास्त मागवा.

उद्यमबाग टर्नर
अनगोळकर, विळीचं राहिलं. ती खाचेत जात नाही, पातं पाटाला पक्कं असतं. पाट हलणार नाही असा घट्ट धरा आणि दगड पात्यावरून फिरवा, मुळापासून टोकाकडे, दोन्ही बाजूंनी सारखा. आधी खवणीच्या दातांवर जाड फडकं बांधा. १००० नंबरचा ओला दगड पुरे. फार बोथट असेल तर आधी ४००. अडकित्ता आणि पावाची दातेरी सुरी पहिल्या दोन टप्प्यांत घालू नका. दातेरीला पॉलिशची खाच एवढीच.

मशीनजवळ कुत्र्याच्या केसासारखी बारीक लोखंडी भुकटी साठते. वायर काढून कोरड्या ब्रशने झाडा, उरलेली लोहचुंबकाने उचला. पात्याच्या बगलेवर ओरखडे येतात ते हीच भुकटी खाचेच्या भिंतीला चिकटल्यामुळे. हे काम ओट्यावर नको, आणि चाकू धुतल्याशिवाय भाजीला लावू नका. पट्ट्याच्या मशीनजवळ सुती हातमोजे, पदर, ओढणी काहीही नको. आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा कडाप्प्यावर चिरणं बंद करा. लाकडी फळी घ्या, नाहीतर प्लास्टिकची.